मे महिन्यात कुठं कसली हवा? कोल्हापूरकरांचे सुट्टीच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला की आमच्या बुकिंगच्या दुकानातला फोन थांबत नाही. गेली कित्येक वर्षं लोकांच्या सहली आखून देतोय, आणि दर एप्रिलला प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. यात हॉटेलं, पॅकेज, दर काही नाही. कुठल्या तारखेला देशाच्या कुठल्या भागात हवा कशी असते आणि रस्ता कसा असतो, एवढंच आहे.

सुट्टीत कुठं जावं?

यावर आमचा उलटा प्रश्न असतो, कधी निघताय? एप्रिलअखेरचं मनाली आणि जूनच्या सुरुवातीचं मनाली यांत नावाशिवाय काही सारखं नसतं. आपल्या शाळा एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला सुटतात आणि जूनच्या मध्यावर भरतात. (विदर्भात तोवर ऊन उतरलेलं नसतं, म्हणून तिथं जूनच्या अखेरीस.) दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडच्या मुलांना सुट्टी लागते ती मेच्या मध्यानंतर, आणि मग जूनअखेरपर्यंत सगळी दिल्ली गाडी काढून डोंगराच्या वाटेला लागते. म्हणजे आपल्याला त्यांच्या आधी पंधरा-वीस दिवस मोकळे मिळतात. हे पंधरा-वीस दिवस लोक लग्नात आणि गावच्या जत्रेत घालवतात आणि २० मेला विचारतात, "शिमल्याला खोली मिळंल का?"

तेव्हा ढोबळ हिशेब असा: उत्तरेकडचे डोंगर (चारधाम सोडून) मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. कोकण, गोवा, केरळ २० मेच्या आत. राजस्थान, आग्रा, काशी दिवाळीनंतर.

उन्हाळा तो उन्हाळाच. ४४ काय आणि ३४ काय, फरक किती पडतो?

फरक आकड्यात कमी आणि हवेत जास्त आहे. रत्नागिरीत मेमध्ये पारा ३३-३४ वर असतो, नागपुरात ४३-४४ वर. आकडा बघून माणूस कोकण निवडतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करतो, "अहो, अंघोळ करून टॉवेल वाळत घालंस्तोवर परत घाम!"

शरीर थंड होतं ते घाम आल्यानं नव्हे, घाम वाळल्यानं. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम वाळायला जागाच नसते. तो नुसता गळतो, अंग तापलेलंच राहतं. विदर्भात उलट. हवा कोरडी ठणठणीत, घाम आलेला कळतही नाही, पण शरीरातलं पाणी मात्र भराभर उडून जातं. कोकणात माणूस हैराण होतो पण सावध असतो. विदर्भात त्याला बरं वाटत असतं आणि एकदम चक्कर येते.

कूलरचंही असंच. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, म्हणून नागपूर, अकोला, जळगावात तो उत्तम चालतो. इचलकरंजीच्या एका पाहुण्यांनी मालवणच्या घरमालकाकडं हट्टानं कूलर मागून घेतला होता. रात्रभर खोलीत वाफ कोंडली, सकाळी चादरी पिळायची वेळ. किनाऱ्यावर एसी किंवा पंखा. कूलर नको.

आणखी एक बघायचं, रात्रीचं तापमान. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३७-३८ पर्यंत गेला तरी रात्री दहानंतर रंकाळ्यावर बसवतं. उत्तरेच्या मैदानात काही रात्री पारा ३० च्या खाली उतरतच नाही. दिवसभराचं ऊन माणूस सोसतो, पण रात्री झोप झाली नाही की तिसऱ्या दिवशी सहल संपते.

बातम्यांत 'उष्णतेची लाट' म्हणतात ती नक्की किती अंशांना?

हवामान विभागाचं माप असं आहे: मैदानात कमाल तापमान निदान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झालेलं हवं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त चढलेलं हवं. पारा थेट ४५ ला टेकला तर सरासरी बघायची गरज नाही, ती लाटच. ४७ ला तीव्र लाट. हे सगळे आकडे सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीतल्या तापमापकाचे. तुम्ही उभे असता त्या डांबराचे नव्हेत.

नागपूर, चंद्रपूर, ताडोबा मेमध्ये? वेड लागलंय का?

वाघ बघायचा असेल तर वेड लागलेलंच बरं. पाणवठे आटतात, झाडी विरळ होते आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात, त्यामुळं वाघ दिसण्याची शक्यता याच दिवसांत सगळ्यात जास्त. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत या दिवसांत वरच्या बाजूला असतात, हे धरूनच जायचं. सकाळची सफारी पहाटे अंधारात निघते तेव्हा बरं वाटतं. दुपारच्या फेरीला मात्र उघड्या जिप्सीत तोंडावर भट्टीची झळ बसते. ओला पंचा डोक्याला गुंडाळा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये खोलीबाहेर पडू नका. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं. हे न बघता तिकीट काढणारे दरवर्षी भेटतात.

आठ वर्षांखालची मुलं आणि सत्तरीवरची माणसं बरोबर असतील तर आम्ही ही सहल आखून देत नाही. भांडण झालं तरी नाही.

दिल्ली, आग्रा, जयपूर स्वस्तात मिळतंय. जावं का?

स्वस्त का मिळतंय ते आधी ओळखा. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, तो देशातला उच्चांक. एरवीही मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिकडं दुपारी 'लू' सुटते. वाळवंटावरून येणारा तो कोरडा, कढत वारा अंगावर आला की केस वाळवायच्या यंत्रासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. संध्याकाळी मधूनच आंधी येते, दहा मिनिटांत आकाश पिवळं-तांबडं होतं, विमानं इकडंतिकडं वळवावी लागतात.

मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय. शिंद्यांचं ग्वाल्हेर म्हणून आपल्या माणसांना ओढ असतेच. मेचा तिसरा आठवडा, आणि मी दुपारी दोनला कुटुंबासकट किल्ल्याची चढण चढत होतो. बाटलीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं झालेलं. मुलीनं लोखंडी कठड्याला हात लावला आणि किंचाळून मागं घेतला. वर मानमंदिराच्या निळ्या फरशांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही, सगळे पायरीच्या सावलीत एका ओळीत बसलो. सौ. एवढंच म्हणाल्या, "पन्हाळ्याला नेलं असतं तर चाललं असतं."

तरीही जायचंच असेल तर दिवस दोन तुकड्यांत तोडा. पहाटे साडेपाच ते नऊ बाहेर, मग थेट संध्याकाळी सहानंतर. ताजमहाल सूर्योदयालाच उघडतो, ती वेळ साधा. आणि जाड सुती मोजे घ्या. फत्तेपूर सिक्रीच्या दर्ग्यात, देवळांत, गुरुद्वारांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी तो दगड तव्यासारखा असतो.

उत्तरेकडं 'नौतपा' म्हणतात तो काय प्रकार?

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो ते साधारण २५ मेला. तिथून नऊ दिवस म्हणजे त्यांचा नौतपा, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. गंमत बघा, त्याच रोहिणीत आपला शेतकरी आभाळाकडं बघत असतो आणि पेरणीची जुळवाजुळव करतो. नक्षत्र एकच, तिकडं भाजतंय आणि इकडं भिजायची तयारी.

आई-वडिलांना काशी-प्रयाग करायचंय, मेमध्ये सुट्टी आहे.

सुट्टी तुम्हाला आहे, त्यांना बाराही महिने आहे. त्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्या. मेमध्ये गंगेचं पाणी उतरलेलं असतं, घाटाच्या पायऱ्या जास्त उतराव्या आणि चढाव्या लागतात, आणि नऊ वाजल्यानंतर दगड तापतो. ज्यांचा नवसच आहे त्यांनी नावेची फेरी सूर्योदयाला करावी, दर्शन पहाटेचं घ्यावं. गल्ल्या अरुंद असल्यानं सावली मिळते, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू.

हिमाचलात मेमध्ये बर्फ मिळतो का?

मिळतो, पण जिथं तुम्ही राहता तिथं नाही. मनाली २,००० मीटरच्या आसपास, तिथं मेमध्ये सकाळी स्वेटर आणि दुपारी अर्ध्या बाह्या. बर्फ वर, रोहतांगच्या बाजूला. ती खिंड ३,९७८ मीटरवर आहे आणि हिवाळ्यातला बर्फ कापून रस्ता मोकळा होतो तो मेमध्ये कधीतरी, एखाद्या वर्षी त्याहून उशिरा. वर जायला गाडीला परवाना लागतो आणि रोजची संख्या ठरलेली असते. परवाना मिळाला नाही तर रडत बसू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडं लाहौलमध्ये उतरता येतं आणि एप्रिल-मेच्या सुरुवातीला तिकडं रस्त्याच्या कडेलाही बर्फ सापडतो.

शिमला-कुलू पट्ट्यात पश्चिमी विक्षोभ आला की एप्रिल-मेमध्येही दोन दिवस पाऊस आणि गारा. भूमध्य समुद्राकडून येणारी ही हवेची गडबड आहे, वळवासारखी तासाभरात आटोपत नाही. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

स्पितीला जायचं तर शिमला-किन्नौरकडून जा. मनालीकडचा कुंझुम खिंडीचा रस्ता मेअखेर किंवा जूनपर्यंत भरवशाचा नसतो.

उत्तराखंड? नैनिताल, मसुरी?

हवा छान, पण एप्रिल-मेमध्ये एक गोष्ट माहितीपत्रकात छापत नाहीत. चिडाच्या (पाइनच्या) जंगलात वाळलेल्या सुयांचा थर साचतो आणि वणवे लागतात. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळची आग विझवायला हेलिकॉप्टरनं तलावातलं पाणी उचलून टाकावं लागलं होतं. अशा दिवसांत धुरानं हिमशिखरं दिसतच नाहीत. कौसानीला शिखरं बघायला गेलेले लोक तीन दिवस राखाडी आभाळ बघून परत येतात. पाऊस पडून गेल्यावरची सकाळ मिळाली तर नशीब.

आणि हरिद्वार, ऋषिकेश, देहरादून 'हिमालयात' धरू नका. हरिद्वार समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर आहे, आपल्या कोल्हापूरपेक्षाही खाली. मेमध्ये तिथं ४० अंश सहज. जम्मूचंही तेच.

चारधामला कुठल्या तारखा धराव्यात?

यमुनोत्री आणि गंगोत्रीची दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात. केदारनाथची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात आणि बद्रीनाथची वसंत पंचमीला नरेंद्रनगरात जाहीर होते, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच अंदाज येतो. नोंदणी सक्तीची. नोंदणीशिवाय गेलेल्यांना वाटेत अडवतात आणि परत पाठवतात, तिथं कुणाची ओळख चालत नाही.

दारं उघडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस आम्ही टाळायला सांगतो. गर्दी प्रचंड, आणि केदारनाथच्या वाटेवर दोन्ही बाजूंना अजून बर्फाच्या भिंती. देऊळ ३,५८३ मीटरवर आहे, आपण राहतो साधारण ५७० वर. हा फरक दोन दिवसांत पार केला की धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं, मळमळतं. गौरीकुंडापासून पंधरा-सोळा किलोमीटरची चढण. तालमीतला गडी असला तरी पहिल्या दिवशी पळू नये. एका पैलवानाला खांद्याला धरून खाली आणलेलं आम्ही बघितलंय, आणि त्याची सत्तरीची आई काठी टेकत हळूहळू वर जाऊन दर्शन घेऊन आली.

पावसाचं गणित असं की सकाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग. हेलिकॉप्टरही म्हणून सकाळीच भरवशाचं. मेचा शेवट ते १० जून ही आमच्या मते बरी वेळ, त्यानंतर पावसाची आणि दरडीची भीती. १६-१७ जून २०१३ चा केदारनाथचा प्रलय मान्सून वेळेआधी तिकडं पोहोचल्यामुळंही इतका भयानक झाला. परतीच्या रेल्वे तिकिटाआधी दोन दिवस रिकामे ठेवा. रस्ता बंद झाला तर तेच दोन दिवस वाचवतात. यात्रामार्गावर रात्री वाहनं सोडत नाहीत, त्यामुळं "रात्रभर मारूया की गाडी" हे कोल्हापुरी गणित तिथं लागू पडत नाही.

काश्मीर कसं राहील?

ट्यूलिपची बाग मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्याच्या आसपास, सुट्टी लागेपर्यंत ती संपलेली असते. मेमध्ये दऱ्या हिरव्या, हवा सुखाची. अडचण रस्त्याची. जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबनच्या पट्ट्यात पाऊस झाला की बंद पडतो. २० एप्रिल २०२५ ला तिथं अचानक पूर आला आणि वाहनं दिवसेंदिवस अडकली. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, चिनाब नदीवर ३५९ मीटर उंच पुलावरून जाते, तेव्हापासून आम्ही रस्त्याऐवजी तीच सुचवतो. जाण्यापूर्वी कुठली पर्यटनस्थळं उघडी आहेत हे त्या आठवड्यात विचारून घ्या. सुरक्षेच्या कारणानं यादी बदलते.

लेहला मुलांना घेऊन?

विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं आणि पाणी प्यायचं. ३,५०० मीटर आहे. मुलं ऐकणार असतील तर न्या.

कोकणात कुठल्या घाटानं उतरावं?

रत्नागिरीसाठी आंबा, राजापूरसाठी अणुस्कुरा, वैभववाडीसाठी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, कणकवलीसाठी राधानगरीवरून फोंडा, सावंतवाडी-गोव्यासाठी आजऱ्यावरून आंबोली. निघायच्या आदल्या दिवशी चालू आहे का विचारा. करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ मध्ये बराच काळ बंद होता आणि तरी लोक गगनबावड्यापर्यंत जाऊन माघारी फिरत होते. रत्नागिरी रस्त्याच्या रुंदीकरणाची कामं चालू आहेत तोवर वेळ तासभर जास्त धरा. गाळप संपलेलं असतं, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत नाहीत, एवढं एक बरं. त्यांच्या जागी आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो, आणि ते थांबत नाहीत.

घाट सकाळी उतरा. दुपारनंतर समुद्राकडचा दमट वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो आणि मेच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर अचानक धुकं उतरतं. आंबोलीत मी २२ मेला दुपारी चारला दिवे लावून गाडी चालवलीय, आणि खाली दाणोलीत उतरल्यावर परत रखरखीत ऊन.

समुद्राबद्दल एकच. मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, पाण्यातले खेळही थांबतात, आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारीबंदी. २८ मेला मालवणला जाऊन ताजी सुरमई आणि किल्ला दोन्ही मागू नका.

आणि वाटेत वळीव गाठला तर?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो. मेमध्ये वाटेत अडकलेल्यांचे आम्हाला येणारे निम्मे फोन वळवाचे असतात, उन्हाचे नव्हेत.

सकाळपासून घाम चिकटत असतो, झाडाचं पान हलत नाही. तीनच्या सुमाराला आभाळात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक पांढरा ढग वर वर चढायला लागतो, आणि बघता बघता त्याचा तळ जांभळा-काळा होतो. कारण असं की या दिवसांत जमीन तापून हवा वर उसळत असते, आणि विदर्भापासून कर्नाटक-केरळपर्यंत वाऱ्यांची एक खंडित रेषा पडते. तिच्या एका अंगाला अरबी समुद्राकडचं वारं, दुसऱ्या अंगाला बंगालच्या उपसागराकडचं. ही रेषा जवळ आली की आपला वळीव. मग पहिल्यांदा वारा. सुवासाचा नव्हे, धुळीचा. पत्रे वाजतात, फलक हलतात, दुचाकीवाले डोळे चोळत उड्डाणपुलाखाली शिरतात, लाइट जाते. रुपयाएवढे थेंब टपटप पडतात, मातीचा वास उठतो, आणि मग गारा. चाळीस मिनिटांत सगळं संपतं, गटारं भरून वाहतात आणि पश्चिमेला ऊन पडलेलं असतं.

गाडी चालवत असाल तर थांबा, पण झाडाखाली आणि जाहिरातीच्या मोठ्या फलकाखाली नको. पेट्रोल पंपाच्या किंवा धाब्याच्या आडोशाला थांबा. पहिल्या पावसानं रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो, दुचाकी सगळ्यात जास्त तेव्हाच घसरतात. विजेचं तर बोलायलाच नको. शेतात, पाण्यात, एकट्या झाडाखाली उभं राहू नका. बंद काचांची चारचाकी सुरक्षित. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपास वीज कुठं पडतेय ते दाखवतं, फुकट आहे, फोनात असू द्या.

पुण्याला जायचं तर पहाटे पाचला निघा. महामार्गाचं सहापदरीकरण चालू असेतोवर वळणरस्ते भरपूर आहेत, आणि वळवात तिथं चिखल. परतीलाही दुपारी चार ते सात या वेळेत रस्त्यावर नसाल तर उत्तम.

तिरुपती, उटी, कुर्ग?

तिरुपती गाव रायलसीमेच्या उन्हात ४० च्या वर तापतं, वर तिरुमलावर जरा सुसह्य. हरिप्रिया एक्स्प्रेसनं जाणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच की गाडीतून उतरल्या उतरल्या रांगेला लागू नका, रात्र वर काढा. अनवाणी चालायचं असतं, मोज्यांचं मघाशी सांगितलंच.

तमिळनाडूत ४ मेपासून २८ मेच्या आसपासपर्यंत 'अग्नी नक्षत्रम' असतं, तेव्हा मदुराई, तंजावर टाळा. उटी आणि कोडाईकनालला जायला मे २०२४ पासून गाडीचा ई-पास काढावा लागतो, तो ऑनलाइन मिळतो. उटीला पुष्पप्रदर्शनाच्या आठवड्यात गावात चालणं गाडीपेक्षा लवकर होतं.

कुर्ग-चिकमगळूरला मार्च-एप्रिलमध्ये पडणाऱ्या सरींना तिकडं कॉफीच्या फुलोऱ्याचा पाऊस म्हणतात, कारण त्या सरी झाल्या की आठ-दहा दिवसांत मळे पांढऱ्या फुलांनी भरतात. त्या वासासाठी मेच्या सुट्टीत गेलात तर उशीर झालेला असतो, पण हवा छानच. केरळ २० मेच्या आत. हंपी मेमध्ये नको, तिथं सगळा खडकच आहे आणि तो तापतो.

दार्जिलिंग, गंगटोक, मेघालय?

बंगालात आपल्या वळवाचा थोरला भाऊ आहे, कालबैशाखी. वायव्येकडून संध्याकाळी येते, झाडं पाडते, आणि उकाडा धुऊन काढते. आसामात तिलाच बोरदोइसिला म्हणतात. या पावसावर तिथल्या चहाची पानं फुटतात. दार्जिलिंग, गंगटोकला मेच्या मध्यापर्यंत फुललेले गुरास (रोडोडेंड्रॉनची झाडं) आणि ढगांच्या आड-बाहेर कांचनजंगा, पुढं पाऊस वाढत जातो. उत्तर सिक्कीमला जूनमध्ये जाऊ नका. जून २०२४ मध्ये मंगन जिल्ह्यात दरडी कोसळून बाराशेवर पर्यटक अडकले होते. चेरापुंजीला पाऊस बघायलाच जायचं असतं, त्यामुळं तिथं तक्रार चालत नाही. अरुणाचलसाठी प्रवेश परवाना आधी काढा.

चक्रीवादळाची भीती कितपत?

मे हा त्यांच्या दोन हंगामांपैकी एक. पुरीला ३ मे २०१९ चं फनी, मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातला गेलेलं तौक्ते, ३ जून २०२० ला रायगडात घुसलेलं निसर्ग. वादळाची चाहूल चार-पाच दिवस आधी लागते. तेवढ्यात किनाऱ्याचं बुकिंग पुढं ढकला, पैसे गेले तरी.

मान्सून कधी गाठणार?

सरासरी तारखा अशा: अंदमानात मेचा तिसरा-चौथा आठवडा, केरळात १ जून, मुंबईत ११ जून, दिल्लीत २७ जून, आणि ८ जुलैपर्यंत सगळा देश. आपण केरळ आणि मुंबईच्या मधे, म्हणजे मृगाच्या आगेमागे. पण २०२५ मध्ये तो २४ मेलाच केरळात आला आणि २६ ला मुंबईत. त्या वर्षी मेअखेरच्या सहली आमच्या वहीत जवळपास सगळ्या खोडलेल्या आहेत.

रेल्वेचं तिकीट कधी काढावं?

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. मेच्या प्रवासाला मार्चमध्ये बसा. तत्काळ आदल्या दिवशी, एसीला सकाळी दहा आणि बिगरएसीला अकरा, आणि आता खात्याला आधार जोडलेलं लागतं. शाहू टर्मिनसवरून थेट गाडी मिळाली नाही तर मिरजेहून बघा, लांबच्या कितीतरी गाड्या तिथूनच मिळतात. भुसावळ-खांडव्याच्या पुढं मे महिन्यात स्लीपरच्या खिडकीतून येणारा वारा गार नसतो. दुपारी खिडकी लावून ओला कपडा अडकवणं बरं.

स्वतःच्या गाडीनं जायचं तर?

टायरची हवा सकाळी गार असताना तपासा. तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नका, गार झाल्यावर तो कमी पडतो. इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. अत्तराची बाटली, लायटर, पॉवर बँक डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणून पोराला बंद गाडीत ठेवून चहाला जाऊ नका. त्या दोन मिनिटांची पंधरा होतात.

पिशवीत काय?

ओआरएसची पाकिटं, सुती पंचा, मोजे, कोकम आगळाची बाटली. कोल्हापुरी चप्पल राजस्थानात झकास, मनालीच्या ओल्या बर्फात पाचव्या मिनिटाला फुगते आणि सहाव्याला घसरते. घाम यायचा थांबला, अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

लांब जायचंच नसेल तर?

मग पन्हाळा. उंची कोल्हापूरपेक्षा चारशे मीटरनं जास्त, आणि हजार मीटरला साधारण साडेसहा अंश पारा उतरतो, तर दोन-अडीच अंशांचा फरक आणि वारा फुकट. चैत्र पौर्णिमेला मात्र त्या बाजूला जाऊ नका, जोतिबाच्या यात्रेनं वाडी रत्नागिरीचे रस्ते सासनकाठ्यांनी आणि गुलालानं भरलेले असतात. यात्रेलाच जायचं तर गोष्ट वेगळी, मग गाडी खालीच लावा.

दुसरं राधानगरी-दाजीपूर. मेच्या शेवटी वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की तिथं काजवे निघतात. अंधार पडायच्या आधी पोहोचा, गाडीचे दिवे बंद करा, मोबाइलची बॅटरी पेटवू नका. डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात. आधी एखादं झाड लुकलुकतं, मग शेजारचं.